संध्याकाळी सातची वीज

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवायचा विषय निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी उभं राहून विचारलं, "उद्या सगळ्याच गाड्या विजेवर आल्या, तर एवढी वीज आणायची कुठून?" काही तरुण मंडळींना हा प्रश्न जुनाट वाटला. मला तसा वाटला नाही. २००५ नंतरची सात-आठ वर्षं ज्याने महाराष्ट्रात काढली आहेत, त्याच्या मनात हा प्रश्न यायलाच हवा. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं आणि घराघरांत ते फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. गावांकडे दिवसातले बारा-बारा तास लाईट नसायची. २०१२च्या डिसेंबरात राज्याचा बराचसा भाग भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं, तरी ज्या वाहिन्यांवर गळती आणि थकबाकी जास्त होती तिथे ते चालूच राहिलं. ते दिवस काढलेला माणूस नवा भार येताना पाहिला की आधी पुरवठा विचारतो, आणि त्याने तो विचारावा.

तर आधी सरळ हिशेब मांडते. विजेवरची स्कूटर एका युनिटमध्ये साधारण तीस किलोमीटर जाते, चारचाकी सात-आठ किलोमीटर. शहरात रोज पस्तीसेक किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला दिवसाला पाच युनिट लागतात, महिन्याला दीडशे. घराच्या बिलात दीडशे युनिटांची भर पडली की वरचा स्लॅब लागतो आणि ते खिशाला जाणवतं. राज्याच्या हिशेबात मात्र चित्र वेगळं आहे. अशा दहा लाख चारचाकी धरल्या तर वर्षाला १८० कोटींच्या आसपास युनिट होतात. महावितरणची वर्षभराची विक्री १०,००० कोटी युनिटांच्या बरीच वर आहे. म्हणजे दहा लाख गाड्यांची भूक त्या विक्रीच्या दोन टक्क्यांच्याही आत बसते. शिवाय देशात आज वर्षाला वीस लाखांच्या आसपास विजेवरची वाहनं विकली जातात, त्यांत दुचाकी आणि तीनचाकीच जास्त, आणि त्यांना लागणारी वीज याहूनही कितीतरी कमी. एवढं सांगून झालं की बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात.

पण वीज युनिटांत विकली जात असली, तरी ती तयार करावी लागते त्या-त्या क्षणी. धान्य कणगीत भरून ठेवता येतं. राज्याला पुरेल एवढी वीज अजून तरी तशी भरून ठेवता येत नाही. म्हणून त्याच दहा लाख गाड्यांचा दुसरा हिशेब करू. माणूस कामावरून घरी येतो संध्याकाळी सातच्या सुमाराला. गाडी लावतो, पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्लग घालतो आणि वर जातो. हा प्लग ३.३ किलोवॅट ओढतो. दहा लाखांनी एकाच वेळी घातला तर ३,३०० मेगावॅट. सगळे एकाच वेळी घालणार नाहीत हे मला कळतं. एक तृतीयांश जणांनी घातला तरी ११०० मेगावॅट झाले, आणि तेही पुण्या-मुंबईत घरोघर दिवे, टीव्ही, मिक्सर आणि एसी एकदम सुरू झालेले असतात नेमके तेव्हा. याच गाड्या याच किलोमीटरांसाठी रात्रीच्या आठ तासांत सावकाश, पसरून चार्ज झाल्या तर सरासरी भार होतो ६२५ मेगावॅट. वर्षाचे युनिट दोन्हीकडे सारखेच, फरक फक्त घड्याळाचा.

३,३०० मेगावॅट म्हणजे किती, हे कळायला कोयनेकडे बघावं लागतं. कोयना जलविद्युत प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. त्यातला एकटा चौथा टप्पा १,००० मेगावॅटचा, डोंगराच्या पोटात खोदलेला. त्यासाठी १९९९मध्ये शिवसागर जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं होतं, २०१२मध्ये पुन्हा. लहानपणी त्या 'लेक टॅपिंग'ची बातमी माझ्या वडिलांनी, आबांनी, आम्हा भावंडांना मोठ्याने वाचून दाखवली होती. राज्याच्या विजेत कोयनेचं मोल युनिटांवरून ठरत नाही. औष्णिक केंद्राचा बॉयलर थंड असेल तर तापायला कित्येक तास लागतात. कोयनेचं टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण ताकदीने फिरू लागतं. त्यामुळे संध्याकाळची चढण कोयनेच्या आधाराने चढली जाते. आणि हे पाणी मोजकं आहे. पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी, अशी मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घालून दिलेली आहे. उन्हाळ्यात सांगलीकडून सिंचनाच्या पाण्याची मागणी आली की तेच पाणी धरणाच्या पायथ्याने पूर्वेकडे सोडावं लागतं. संध्याकाळी सातचं प्रत्येक मेगावॅट असं कुठेतरी कुणाच्या तरी पाण्याशी बांधलेलं असतं. शहरात राहून हे विसरायला होतं, म्हणून लिहून ठेवते.

हा सगळा ताळमेळ ऐरोलीजवळच्या कळवा इथल्या राज्य भार प्रेषण केंद्रात चोवीस तास बसवला जातो. तिथल्या माणसांची नजर एका आकड्यावर असते, ५० हर्ट्झ, म्हणजे ग्रिडची वारंवारता. मागणी वाढली आणि पुरवठा मागे पडला की हा आकडा घसरतो. २०१३च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाला जोडलं, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तो आकडा एकच आहे. ३० मे २०२४ रोजी देशाच्या मागणीने २५० गिगावॅटचा उच्चांक गाठला तो भर दुपारी, आणि तो निभावला गेला, कारण डोक्यावर सूर्य होता. खरी कसोटी त्यानंतर लागते, सौर पॅनल शांत झाल्यावर.

विजेवर वाहन चालवणं आपल्याला नवं नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली. तिची कंपनी आणि दिव्यांना वीज देणारी कंपनी एकच होती, आणि रस्त्यावर ट्राम आणण्याआधी त्यांनी वाडीबंदरला वीजघर उभारलं होतं. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे सुटली. पुढे पुणे आणि इगतपुरीच्या घाटांत विजेची इंजिनं न्यायची ठरली तेव्हा रेल्वेने ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस बांधलं, १९२९मध्ये. त्या काळातल्या अभियंत्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. वाहन आणि त्याची वीज हा त्यांना एकच प्रकल्प दिसत होता. आजची स्कूटर शोरूममधून निघते, आरटीओत तिची नोंद होते, अनुदानाच्या यादीत ती येते, आणि कुठल्या गल्लीतल्या कुठल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, तिचा भार पडणार याची वीज कंपनीकडे कसलीच खूण नसते. घरातला साधा प्लग कुणाला कळवून लावायचा नसतो. नोंद जिथे होते आणि भार जिथे पडतो, ती दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. मला वाटतं ते काम विनाविलंब व्हायला हवं. पिनकोडनिहाय किती गाड्या आल्या एवढी माहिती जरी उपविभागाच्या अभियंत्याला दर महिन्याला मिळाली, तरी कुठला ट्रान्सफॉर्मर आधी बदलायचा हे त्याला उन्हाळ्यापूर्वी कळेल.

ग्रिडवरचा ताण मोठ्या आकड्यांत दिसतो. गल्लीतला ताण मात्र आधी येतो. आमच्या शंभरेक फ्लॅटच्या सोसायटीला ३१५ केव्हीएचा, म्हणजे साधारण तीनशे किलोवॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर आहे. मे महिन्यातल्या संध्याकाळी आमचा भार २०० किलोवॅटपर्यंत जातो. पंधरा जणांनी ७.२ किलोवॅटचे वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचे चार्जर, बसवून एकदम चालू केले तर आणखी १०८ किलोवॅट. म्हणजे शंभरातल्या पंधरा घरांनी मनात आणलं तरी ट्रान्सफॉर्मरची मर्यादा संपते. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य त्याच्या तापमानावर असतं. दिवसभर तापलेलं त्याचं तेल रात्री निवतं म्हणून तर तो वीस-पंचवीस वर्षं टिकतो. रात्रभर त्याला विसावा मिळाला नाही तर आतलं इन्सुलेशन लवकर म्हातारं होतं.

आणि हेच पंधरा जण रोज प्रत्यक्षात वापरणार किती? पाच-पाच युनिट, म्हणजे मिळून पंचाहत्तर. रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत वाटून दिले तर अकरा किलोवॅट पुरतात. १०८ आणि ११ हे दोन आकडे मी सभेच्या इतिवृत्ताला जोडून सगळ्यांना पाठवले, आणि त्यावर चर्चा रंगली. शेवटी प्रत्येकाने आपापल्या मीटरवरून वायर ओढण्याऐवजी एकच स्वतंत्र ईव्ही जोडणी घ्यायची आणि सगळ्या पॉइंटना मिळून एक कमाल भार ठरवायचा, असं ठरलं. ज्याला पहाटे लांब जायचं आहे त्याने तसं नोंदवायचं, बाकीच्यांच्या गाड्या मागे-पुढे होतात. "मी पैसे भरतोय, मला हवं तेव्हा हवं" असं म्हणणारे होतेच. त्यांच्याशी वाद घालताना मला सारखी गावाकडची मोटर आठवत होती.

कारण एक साधी गोष्ट आहे. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅट. घरच्या सॉकेटवर लागलेली चारचाकी म्हणजे ३.३ किलोवॅट. पुण्यातल्या पार्किंगमध्ये एक गाडी चार्जिंगला लागली की ग्रिडच्या दृष्टीने जवळजवळ एक शेतीपंप सुरू झालेला असतो. राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतचे जे पंप २०२४पासून मोफत वीज योजनेत आले, तेच मुळी ४४ लाखांच्या घरात आहेत. एवढ्या पंपांचा भार महाराष्ट्र कित्येक वर्षं सांभाळत आला. कसा, ते शहरातल्या फार कमी लोकांनी पाहिलं आहे.

मी जुन्नर तालुक्यातली. आमच्याकडे मोटरीला लागणारी थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा यायची आणि उरलेले दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आबा जेवून झोपायचे, आणि घरातला बल्ब थोडा प्रखर झाला की समजायचं, थ्री फेज आली. मग बॅटरी, काठी, अंगावर घोंगडी, आणि दारं धरायला रानात. थंडीत गव्हाला पाणी देताना पाय बधिर व्हायचे. उसात बिबट्या असायचा, बांधावर फुरसं असायचं. आई ते परत येईपर्यंत जागी असायची, मुलांना ते कळू न देता. 'दिवसा थ्री फेज द्या' ही जुन्नर, आंबेगाव भागातली मागणी काही आजची नाही. तिच्यामागे माणसं गेलेली आहेत.

पंपांना रात्र का दिली गेली? कारण संध्याकाळी शहराला वीज हवी होती, दिवसा कारखान्यांना, आणि रात्री औष्णिक केंद्रं बंद करता येत नव्हती. कोळशाचं केंद्र निम्म्याहून थोडं वर, म्हणजे ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येतं; त्याहून खाली आणणं अवघड. ती रात्रीची उरलेली वीज कुणीतरी घ्यायला हवी होती. कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपयाची सवलत देऊन तिकडे बोलावलं गेलं. शेतकऱ्याला बोलावलं नाही, त्याची दिवसाची वाहिनी बंद ठेवली आणि तो आपोआप रात्री गेला. राज्याच्या भारवक्राचा, म्हणजे चोवीस तासांतल्या मागणीच्या आलेखाचा, रात्रीचा खड्डा माझ्या वडिलांच्या झोपेने भरला गेला. विजेची मागणी 'लवचिक' असावी असं आता परिषदांमध्ये बोललं जातं. ती लवचिकता महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं दिली, तीही कुणी न विचारता.

त्या मानाने गाडीला लवचिक होणं किती सोपं आहे! चोवीस तासांतले बावीस तास ती उभीच असते. तिला थंडी वाजत नाही, तिला बिबट्याचं भय नाही. रात्री दोनला चार्ज झाली काय आणि दुपारी दोनला झाली काय, मालकाला उठावं लागत नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की वेळ पाळण्याची पाळी आता शहराची आहे.

मात्र ती कशी पाळायची याचा धडाही गावातच आहे. रात्री उठायला लागू नये म्हणून शेतकऱ्यांनी मोटरींना ऑटो स्विच लावले. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. झालं काय, तर वाहिनी चालू होताच त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी धक्का देऊन सुरू व्हायच्या आणि डीपी जळायची. मग आठ-दहा दिवस पीक वाळत डीपी बदलून येण्याची वाट पाहायची. 'ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा' अशी आवाहनं महावितरण कित्येक वर्षं करत आलं आहे. गाड्यांच्या ॲपमध्ये आता टायमर असतो. सवलतीची वेळ ठोक्याला सुरू झाली आणि शहरातल्या सगळ्या टायमरांनी तोच ठोका पकडला, तर ते ऑटो स्विचच झाले, फक्त मोबाईलवरचे. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे विखुरणं चार्जर बनवणाऱ्यांना आणि ॲप चालवणाऱ्यांना सहज जमण्यासारखं आहे, पण त्यांच्या मर्जीवर न सोडता तो नियम व्हायला हवा.

दरम्यान रात्रीचा हिशेबच बदलू लागला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीला द्यायची, असं काम चालू आहे, आणि १६,००० मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलं आहे. जिथे ते पोहोचलं तिथे दिवसा पाणी देता येतं. ही महाराष्ट्राने अलीकडे केलेली सर्वांत माणुसकीची वीज-योजना आहे असं मी म्हणेन, तिच्या अंमलबजावणीतल्या जमिनीच्या नि देखभालीच्या तक्रारी लक्षात घेऊनसुद्धा. आता पंप दिवसा जातायत, त्यामुळे रात्र मोकळी होते आहे. गाड्यांनी ती घ्यावी असं वाटणं साहजिक आहे, आणि आज संध्याकाळी सातऐवजी मध्यरात्रीनंतर चार्जिंग करणं नक्कीच शहाणपणाचं आहे.

तरीही रात्रीची वीज म्हणजे मुख्यतः कोळशाची वीज. पुण्याच्या सिग्नलवर विजेच्या गाडीमागे उभं राहिलं की धूर येत नाही, याचा आनंद मला रोज होतो. चंद्रपूरच्या माणसाला त्याच वेळी काय मिळतं? तिथलं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. राख, धूर आणि उन्हाळ्यातला तो असह्य ताप त्या शहराच्या वाट्याला. परळीचं केंद्र २०१५मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं आणि ते वर्षभराहून जास्त काळ बंद राहिलं. माणसांना प्यायला पाणी नव्हतं तिथे बॉयलरला कुठून द्यायचं? विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा फारच कमी ऊर्जा वाया घालवते, त्यामुळे कोळशाच्या विजेवर चालली तरी गाडी देशाचं तेल वाचवते, शहराची हवा वाचवते. हा फायदा खरा आहे. पण त्याची किंमत कुठल्या जिल्ह्यात मोजली जाते तेही खरं आहे. म्हणून शक्य तितकं चार्जिंग सूर्य असताना व्हावं.

दर त्या दिशेने वळले आहेत. कारखान्यांची रात्रीची जुनी सवलत गेली आणि दिवसाची आली. टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारे मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांनाही २०२५च्या जुलैपासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, जिथे पाणी स्वस्त विजेने वर चढवतात आणि महाग वेळेला खाली सोडतात. तो २००८पासून चालतो. तिथला 'स्वस्त' काळ म्हणजे रात्र, असं गृहीत धरूनच तो बांधला होता. आता स्वस्त काळ दुपारकडे सरकतो आहे. सह्याद्रीत असे आणखी बरेच प्रकल्प येऊ घातले आहेत, आणि त्यांच्याखाली जाणाऱ्या जंगलाचा विचार मनातून जात नाही. गाड्यांच्या बॅटऱ्या दुपारी भरल्या गेल्या तर तेवढं पाणी वर चढवण्याची गरज कमी होईल, तेवढं जंगल कदाचित वाचेल.

आता प्रश्न उरतो, दुपारी गाडी असते कुठे? नोकरदाराची गाडी असते ऑफिसच्या पार्किंगमध्ये. हिंजवडी, खराडी, बीकेसी, मिहान, कुठेही पाहा, हजारो गाड्या आठ तास उन्हात उभ्या असतात. चार्जरची गरज खरी तिथे आहे, आणि तिथे मंद चार्जर चालतो, महागड्या फास्ट चार्जरची गरजच नाही. नव्या इमारतींच्या पार्किंगचा काही भाग ईव्हीसाठी तयार ठेवण्याचं धोरण राज्यात २०२१पासून आहे. जुन्या कार्यालयांचं काय, यावर फारसं बोललं जात नाही.

बसचं सगळ्यांत सोपं आहे आणि सगळ्यांत मोठंही. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. २०२२च्या १ जूनला त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' धावली. पुण्यातल्या पीएमपीच्या विजेच्या बसेस भेकराईनगर आणि निगडीहून २०१९पासून सुटतात. एक मोठी बस किलोमीटरला एक-सव्वा युनिट खाते, दिवसाला दोनशे किलोमीटर म्हणजे अडीचशेपर्यंत युनिट. शंभर बसचा डेपो रात्री सहा तासांत भरायचा तर चार मेगावॅट हवेत, एखाद्या मध्यम कारखान्याइतके. पण हा भार कुठे आहे, किती आहे, कधी येणार, सगळं आधी ठाऊक असतं. डेपोच्या छतावर पॅनल टाकता येतात, सकाळची गर्दी ओसरल्यावर निम्म्या बस दुपारी भरून घेता येतात. एका डेपो मॅनेजरशी बोलून जे जमतं ते लाखभर गाडीमालकांशी बोलून जमणार नाही. सार्वजनिक पैसा आधी कुठे घालायचा असं मला कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत डेपोकडे बोट दाखवीन.

आणि दुपारच्या स्वस्त विजेचा विचार करताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रस्त्यावरच्या माणसाची. जेवण पोहोचवणारा मुलगा दुपारी धावत असतो. रात्री तो खोलीवर येतो, चौघांत एक खोली, एक मीटर, आणि मालक वायर खाली सोडू देत नाही. त्याला सवलतीची दुपार मिळत नाही आणि मोकळी रात्रही मिळत नाही. बॅटरी बदलून देणारी केंद्रं त्याच्यासाठी खरी सोय आहेत, कारण तिथे भरण्याची वेळ आणि चालवण्याची वेळ वेगळी होते. बॅटऱ्या दुपारी भरून ठेवा, त्याला संध्याकाळी द्या. रिक्षावाल्याचं त्याहून सोपं आहे. दुपारी दोन ते चार तो तसाही थांब्यावर झाडाखाली टेकलेला असतो. त्या थांब्यावर, मंडईच्या बाजूला, एसटी स्टँडच्या आवारात महापालिकेने सॉकेट दिले तर सगळ्यांत जास्त किलोमीटर चालणारं वाहन सगळ्यांत स्वच्छ विजेवर चालेल. ज्याच्याकडे स्वतःचं छत, त्यावर पॅनल आणि खाली पार्किंग आहे, त्याच्या सोयी तो करून घेईलच.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. आमच्या वाहिनीला आता दिवसा लाईट असते. आबांचं वय झालंय, तरी मोटर चालू करायला ते स्वतः जातात. मी त्यांना हे सगळं सांगत बसले, दुपार, गाड्या, ऑफिसमधले चार्जर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या गाड्या दुपारी लागल्या, तर आमची मोटर परत रात्री जायची का गं?"

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. सूर्य वाढेल तसा दोघांना पुरेल, पण एखाद्या मार्च-एप्रिलमध्ये नाही पुरला, उन्हाळी पिकाचं पाणी, शहरातले एसी आणि गाड्या एकदम आल्या, तर कुणाचं आधी बंद करायचं याचा क्रम आत्ताच लिहून ठेवला पाहिजे. आजवर तो क्रम ठरला थकबाकीवर आणि गळतीवर, आणि त्यात गावाची वाहिनी नेहमी आधी पडली. नव्या चार्जरमध्ये ग्रिडकडून इशारा आला की थोडा वेळ थांबायची सोय करता येते. तेव्हा विद्युत नियामक आयोगाने दराचा पुढचा आदेश काढताना एवढं करावं: तुटवड्याच्या तासात घरगुती आणि खाजगी गाड्यांचे चार्जर आधी थांबतील, मग गरजेप्रमाणे बाकीचं. माझी गाडी दोन तास उशिरा भरली तर माझं काही बिघडत नाही. आबांना पुन्हा रात्री रानात जावं लागता कामा नये.